वर बर्फ पडतोय, पोरी

कोते, चहाबिहा राहू दे, आधी बस इथे. बस म्हणते ना! अगं, आत्ता जे झालंय माझ्यासोबत ते कुणाला तरी सांगितलं नाही ना, तर डोकं फुटेल माझं.

काल दुपारची गोष्ट. हवामानाच्या ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि लाउतारो, आमचा बॉस. समुद्रावरून वादळ येत होतं, जुलैत, ऐन हिवाळ्यात येतं तसंच. खिडक्या खडखडत होत्या, दिवसाढवळ्या दिवे लावलेले. दरीच्या रेडिओसाठी मी अंदाज लिहीत होते, आणि तुला माहितीये, अशा वेळी प्रश्न एकच असतो. डोंगरावर बर्फ पडणार की पाऊस? बर्फ पडला तर पाणी वरच थिजून बसतं, खाली सगळे निर्धास्त. पण हवा उबदार असली आणि वरही पाऊसच लागला, तर तो अख्खा डोंगर नदीतून खाली येतो.

आणि काल हवा उबदार होती, कोते. भर हिवाळ्यात जॅकेट काढावंसं वाटावं अशी. दमट. कुणीतरी मानेवर श्वास सोडतंय अशी.

मी म्हटलं, "कॉम्प्युटर तर पाऊस म्हणतोय, वरपर्यंत. धोक्याचा इशारा देऊया."

लाउतारो हसला. "कॉम्प्युटरला काय कळतंय? खिंडीला विचार, माइते."

खिंडीत एक चौकी आहे. तिथे एवारिस्तोकाका. वायरलेसवर बोलायचे, बर्फ किती, वारा कसा. मी उन्हाळ्यात शहरातून येऊन नोकरीला लागले तेव्हा लाउतारोनेच सांगितलं होतं, "वरून तो आवाज जे सांगेल ते डोळे मिटून लिहायचं. तो कधी चुकत नाही." आणि खरंच चुकायचे नाहीत गं! आमचे अंदाज एवढे बरोबर यायचे की लोक लाउतारोला रस्त्यात थांबवून हात मिळवायचे.

मी बटण दाबलं. खरखर. मग तो आवाज, संथ, जरा घोगरा.

"वर बर्फ पडतोय, पोरी. मोठ्ठा, कोरडा. घाबरू नकोस."

मी लिहायला घेतलेला इशारा खोडला.

आणि तेवढ्यात दामासोचा फोन, माझा धाकटा भाऊ. त्याची सोपाइपियाची, तळलेल्या भोपळ्याच्या पुऱ्यांची, गाडी नदीच्या वळणावर असते, राहतोही तिथेच मागच्या खोलीत. पाऊस लागला की लोकांना गरम सोपाइपिया हव्याच, म्हणजे त्याची दिवाळीच ती. मागे तेल चुरचुरत होतं.

"ताई, नदीचा वास बदललाय गं. मातीचा वास येतोय. गुंडाळू का दुकान?"

"तळ तू, तळ! वर बर्फ आहे. आत्ताच एवारिस्तोकाकांशी बोलले."

"कोण एवारिस्तो?"

"अरे, खिंडीतले. चौकीतले."

मागचं तेल चुरचुरायचं थांबलं. मग म्हणाला, "थट्टा करतेस का? ताई... त्यांच्या आठवणीची देवळी आहे इथे रस्त्याकडेला. मी स्वतः रंगवलीय. गेल्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला, चौकीसकट गेले ते. सापडलेसुद्धा नाहीत. आम्ही मेणबत्त्या..."

फोन बंद. खाली सगळ्या दरीचेच फोन बंद.

मी वळून लाउतारोकडे बघितलं. त्याने नजर चुकवली, कोते. त्याला माहीत होतं!

"तू मला मेलेल्या माणसाशी बोलायला बसवलंस?"

"हळू बोल," तो म्हणाला, आणि वायरलेसकडे बघितलं. "ऐकू जातं त्याला."

मग हळूहळू बाहेर आलं सगळं. गेल्या वर्षी काकांनी वरून विनवणी केली होती, मला खाली न्या, कडा करकरतोय. आणि हा म्हणाला होता, "राहा, उद्या आभाळ उघडेल. एका माणसासाठी हेलिकॉप्टर कोण पाठवतं?" मग हिवाळा सरला, वसंत आला, पहिलं वादळ आलं, आणि बंद पडलेल्या त्या चॅनेलवर आवाज आला. दर वेळी खरं सांगणारा. याने कुणाला सांगितलं नाही. अंदाज बरोबर येत होते ना! शाबासकी मिळत होती! आणि बोलायला मला बसवलं, कारण याने काही विचारलं तर काका उत्तर देत नव्हते.

"पण आज खोटं का बोलले?" मी विचारलं.

लाउतारोने खिडकी उघडली. मी हात बाहेर काढला, तर पाऊस कोमट. मी पोलिसांना कळवलं, रेडिओवर इशारा दिला, ओरडून ओरडून घसा बसला. त्यांनी माणसं हलवायला घेतली, पण म्हणाले, वळणाच्या अलीकडचा रस्ता तुटलाय, तिथे जाता येत नाही.

दरीत प्रत्येक घरात वॉकीटॉकी असतो, फोन जातात म्हणून. पण दऱ्याखोऱ्यांत निरोप जायचा तो खिंडीतूनच. चौकी ऐकायची आणि खाली सांगायची. चौकी गेली तेव्हापासून ते सगळे वॉकीटॉकी मुके. म्हणजे माझ्या भावापर्यंत पोचेल असा जगात एकच माणूस होता.

मी बटण दाबलं.

"काका... तुम्ही मला खोटं सांगितलंत."

खरखर. खोलीत रॉकेलचा वास यायला लागला, आणि ओल्या लोकरीचा.

"मलाही सांगितलं होतं, पोरी."

"मी नव्हते हो ती! काका, पाया पडते, माझ्या भावाला सांगा, दुकान सोडून वर चढ म्हणावं. शाळेच्या टेकडीवर."

पुन्हा खरखर. मग, अगदी हळू... "वर चढ म्हणून सांगतो."

तासाभरात नदीने ते वळण नेलं. गाडी, खोली, रस्ता, सगळं. टेकडीवरच्या शाळेत पोलिसांनी माणसं मोजली, दामासो नव्हता. मी वायरलेसला चिकटून बसले. आणि संध्याकाळी आवाज आला, त्याचाच गं, दामासोचा! मजेत होता.

"ताई, पोचलो मी. तूच बोलावलंस ना, चौकीवर ये म्हणून? तुझाच आवाज होता. काकांनी शेगडी पेटवलीय. इथे खरंच बर्फ पडतोय."

चौकी त्याच्या घरापासून दोन दिवसांची चढण आहे, कोते. आणि चौकी नाहीचे.

मागून तो घोगरा आवाज आला. "आता दोघं झालोय. दोघांसाठी तरी येतील ना ते?"

मी रात्रभर तिथेच. आज सकाळी पाऊस थांबला, हेलिकॉप्टर आलं. पायलट ग्रिसेल्दा, तू भेटलीयेस तिला, ती मोठ्याने हसणारी. म्हणाली, "दुपारी पुढचं वादळ येतंय, एकच फेरी होईल. कुठे शोधू? पोलीस म्हणतायत नदीत, खालच्या अंगाला." तिला वरचं काही माहीत नाही, ती दक्षिणेकडची.

नदीत शोधायचं म्हणजे काय शोधायचं ते मला कळत होतं. मी म्हटलं, "खिंडीत. चौकीत दोघं आहेत."

लाउतारो शेजारीच उभा होता. त्याने एकच वाक्य बोलायचं होतं, की चौकी आता उरलेली नाही. तो बुटांकडे बघत राहिला. आणि मीसुद्धा नाही बोलले, कोते. मीसुद्धा.

ती गेली. मी वायरलेसपाशी. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, एकदम खुशीत.

"दिसली गं चौकी! धुराड्यातून धूर येतोय. दारात उभे आहेत, हात करतायत..."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पण तू दोघं म्हणाली होतीस ना? इथे तिघं आहेत."

मागे हेलिकॉप्टरचा पंखा घरघरत होता. तिचा आवाज बारीक झाला.

"माइते... तिसरी बाई आहे. माझ्यासारखंच हेल्मेट घातलंय तिने. असंच, डावीकडे चीर गेलेलं... हे काय आहे? उतरू का मी?"

आणि त्याच चॅनेलवर, तिच्या आवाजाच्या मागून, दामासो. "ताई, सांग ना तिला उतरायला. थंडी वाजतेय गं."

बटणावर माझं बोट होतं. लाउतारो दारातून केव्हाच निघून गेला होता. मी काय बोलले ते सांगते तुला, सांगतेच. पण आधी माझ्याकडे बघ आणि खरं सांग, कोते... तू काय केलं असतंस?