उघड्या काचेची गाडी

गाडी पावसात उभी होती आणि तिची काच उघडी होती.

हिरवी, जुनी, सीडरच्या झाडांखालची शेवटची गाडी. नोव्हेंबरचा पाऊस तिरका होऊन आत शिरत होता आणि सीटच्या विटलेल्या कापडावर सावकाश काळोखी पसरवत होता. मारेन थबकली. तिच्या अंगावर स्वयंसेवकांचे पिवळे जाकीट होते आणि हातात, डोंगरवाटेला जाणाऱ्यांच्या गाड्यांवर खोचायची सूचनापत्रे: ‘दिसेल ते चोरीला जाईल. गाडीत काही ठेवू नका.’ शनिवारचे हे काम सुरू केले तेव्हाच स्वयंसेवकांच्या प्रमुख मिसेस पेट्राकिसनी बजावले होते, गाडीला हात लावायचा नाही. पाहायचे, पत्रक खोचायचे, पुढे जायचे.

तिने हात लावला नाही. आपली छत्री तेवढी उघड्या खिडकीवर धरली, आणि स्वतः भिजत उभी राहिली. आपण हे का करतो आहोत, हे तिला नीटसे कळले नाही.

“माझी गाडी एवढी मोठी कधी झाली? तिला छत्री धरायला माणूस लागतोय!”

ती दचकली. पायवाटेवरून एक उंच तरुण उतरत होता. बुटांपासून गुडघ्यांपर्यंत चिखल, भुवयांवर पाणी.

“तुमची काच उघडी राहिली आहे.”

“राहिली नाही. मीच ठेवली आहे.”

“या पावसात?”

“तीनदा फोडली हो माझी काच. याच जागी. फोडली की पाऊस येतोच आत, वर सीटभर चुरा. मग मीच उघडी ठेवायला लागलो. तो समोरचा कप्पाही उघडाच असतो, बघा. या, डोकवा, काही नाही, आता जा.”

“म्हणजे चोरांची सोय करता.”

“सोय कसली? निराशा करतो.” तो हसला. “तुमच्या पत्रकात हेच लिहिलंय ना?”

मारेनने हातातल्या पत्रकाकडे पाहिले. नियमांच्या हिशेबाने गाडीत खरोखर एकही चूक नव्हती. तरीही त्या रिकाम्या, भिजणाऱ्या सीटकडे पाहून कुठेतरी काही चुकले आहे असे तिला वाटत राहिले…

“छत्री तरी स्वतःवर धरायचीत.”

“गाडीला हात लावायचा नाही, असा नियम आहे.”

“आणि छत्रीबद्दल?”

“छत्रीबद्दल — अजून कुणी केलेला नाही.”

त्याचे नाव तारास होते. बदली शिक्षक होता तो. आज या शाळेत, उद्या त्या. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. डोंगरवाट तीच असूनही त्याला परतायला दर वेळी कमी वेळ लागू लागला. मारेनला मात्र शेवटच्या रांगेत दर वेळी अधिक वेळ लागू लागला.

“त्या हिरव्या गाडीत कधी काही नसतं, पोरी,” थर्मासमधली कॉफी ओतत मिसेस पेट्राकिस म्हणत. नवरा गेल्यापासून त्यांनी या पार्किंगलाच संसार मानले होते. “मग इतका वेळ तपासतेस काय?”

“खात्री करून घेते.”

“कशाची?”

यावर मारेन उरलेली पत्रके उचलून पुढच्या रांगेकडे निघे. तिने आयुष्यभर आपल्या मनातले सारे झाकून, आवरून, नजरेआड ठेवले होते. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही, म्हणजे कुणी काही नेणार नाही. आणि हा मनुष्य काचा उतरवून बोलत असे. त्याच्या बोलण्याला हसावे की त्यापासून दूर व्हावे, हे तिला उमगत नव्हते. तो समोर असला की ती तो कधी जाईल याची वाट पाही. गेला की सारा आठवडा बेचव होई. याला काय म्हणतात, ते तिला ठाऊक होते. ते हेच का, एवढेच ठाऊक नव्हते.

मग एका शनिवारी तो गाडीला टेकून, नेहमीपेक्षा हळू बोलला.

“व्हाइटहॉर्सच्या शाळेत बोलावलंय मला. कायमची नोकरी.”

“इतक्या उत्तरेला?”

“हं. पुढच्या शनिवारी दुपारी कळवायचंय. मुख्याध्यापिकाबाई घरी फोनची वाट बघणारेत.”

“मग… घे ना. कायमची आहे.”

“घेऊ?”

पाऊस दोघांच्या मधून पडत होता. मारेन हातातली पत्रके उगाच सारखी करत राहिली.

“असं बघ,” तारास म्हणाला, “मी दिवसभर वर्गात बडबडतो आणि इथे आलो की माझी बोबडी वळते. पुढच्या शनिवारी मी सीटवर तुझ्यासाठी काहीतरी ठेवीन. उचललंस, तर मी राहीन. तिथेच राहिलं, तर समजेन काय ते. तुला एक शब्दही बोलायला नको.”

“पण गाडीला हात—”

“काच उघडी असेल. गाडीला न शिवता हात आत जातो, मी करून बघितलंय.”

“तारास, आम्ही इथे दिवसभर लोकांना सांगतो, सीटवर काही ठेवू नका!”

“माहीत आहे. तरी ठेवणार.”

तो शनिवार उजाडला. हिरवी गाडी शेवटच्या रांगेत लागलेली तिने दुरून पाहिली. तारास मागे वळून न पाहता झाडांत शिरलेलाही पाहिला. आणि ती उलट दिशेला चालू लागली. वरची रांग तपासली. तपासलेली रांग पुन्हा तपासली. ज्या गाड्यांवर तिनेच पत्रके खोचली होती, त्या गाड्यांत ती नव्याने डोकावली. घ्यावे? पण काय असेल ते? घेतले, आणि मग ती रोजच्या उजेडात त्याला कंटाळवाणी वाटली तर? न घेतले, आणि शनिवार उरलेच नाहीत तर?

शेवटी पाय आपोआप वळले.

काच उघडी होती. समोरचा कप्पा उघडा होता. सीट रिकामी होती.

वाकून तिने सीटखाली पाहिले, मागेही पाहिले. काही नाही. म्हणजे त्याने विचार बदलला… सांगणे जड गेले असेल, म्हणून नुसते ठेवलेच नाही. तिला हायसे वाटायला हवे होते. त्याऐवजी ती वर, स्वयंसेवकांच्या चौकीच्या ओसरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

तारास धावतच आला. ओला, धापा टाकत, उजळून निघालेला.

“मारेन! मी कळवलं त्यांना. आत्ताच, गाडीपाशी उभा राहून. नाही म्हटलं!”

“कुणाला नाही म्हटलंस?”

“व्हाइटहॉर्सला! अजून कुणाला? सीट बघितली आणि… मला वाटलं होतं, तू नाही घेणार. खरंच वाटलं होतं. बसतात का नीट?”

“काय बसतात?”

तो हसत तिच्या उघड्या हातांकडे पाहू लागला. तिला काहीच कळेना. पुन्हा विचारायला ती तोंड उघडणार, तोच मिसेस पेट्राकिस पायऱ्या चढत आल्या.

“पोरी, पोलिसांना फोन लाव! शेवटच्या रांगेच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी हात मारून गेलंय. दोन गाड्यांच्या काचा फोडल्या. एकाची पिशवी गेली, एकीचा कॅमेरा!” त्यांनी तारासकडे पाहिले. “तुझं बरं आहे बाबा. तुझ्या गाडीत नसतंच काही.”

मारेनला एका क्षणात सारे दिसले. ती वरच्या रांगेत रिकाम्या गाड्या न्याहाळत असताना, खाली एका अनोळखी हाताने, गाडीला न शिवता, तिचे उत्तर उचलून नेले होते.

तारासला अजून उमगले नव्हते. तो तसाच हसत होता. ती गप्प राहिली असती, तर तो असाच हसत राहिला असता; कदाचित वर्षानुवर्षे. आणि त्या हसण्याखाली दर दिवशी एका चोराचा हात असता.

“मी नाही घेतलं,” ती म्हणाली. “जे काही होतं ते. मी पोचले तेव्हा सीट रिकामी होती. मला वाटलं, तूच ठेवलं नाहीस.”

त्याचे हसू लगेच गेले नाही. ते चेहऱ्यावर जागा न सापडल्यासारखे घुटमळले.

“म्हणजे… चोराने मला होकार दिला?”

मिसेस पेट्राकिसनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले, “फोन मीच लावते,” एवढे म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

“काय होतं?” मारेनने विचारले.

“हातमोजे. लोकरीचे. बोटांची टोकं मोकळी, म्हणजे तुला पत्रकं वेगळी करता येतील.” तो खाली बसला. “तू उशिरा का गेलीस तिथे?”

“कारण मला ठरवता येत नव्हतं.”

“आणि लवकर गेली असतीस तर?”

“नाही माहीत, तारास. खोटं कशाला बोलू? कदाचित घेतले असते. कदाचित नुसती बघत उभी राहिले असते.”

त्याने मान हलवली. रागावला नव्हता, ते तिला अधिक अवघड गेले.

“बाई म्हणाल्या होत्या, आज संध्याकाळपर्यंत जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही,” तो म्हणाला. “परत लावतो त्यांना. सांगतो, गोंधळ झाला.”

त्याने फोन काढला. ओल्या बोटाला फोनची स्क्रीन दाद देईना. त्याने अंगठा पॅन्टला पुसला, पुन्हा दाबला. मारेन पाहत होती. पलीकडे घंटी वाजू लागल्याचा बारीक आवाज तिलाही ऐकू आला. एकदा. पुन्हा एकदा.

“थांब.”

“का?”

“का ते… मला सांगता येत नाहीये.”

“मारेन, बाई उचलतील आता!”

“मग ठेव ना फोन! तू मला विचारलंस कधी? सीटला विचारलंस. मी तिथे उत्तर शोधत बसले, आणि चोरांना माझ्याआधी सापडलं!”

पलीकडून कुणीतरी ‘हॅलो’ म्हणाले. तारासने फोन कानाला लावला नाही. तो तिच्याकडे पाहत होता, वर्गात धडा विसरलेल्या शिक्षकासारखा.

“मी राहू?” त्याने विचारले.

‘हॅलो? कोण बोलतंय?’ फोन म्हणत होता.

मारेनला अजूनही काही नीट कळत नव्हते. हे प्रेम होते, की तो जाईल याची नुसती भीती. उद्या ती हेच म्हणेल की नाही. कशाचाच तिला भरवसा नव्हता. फक्त त्या क्षणी तो उत्तरेला निघालेला तिला दिसला, आणि ते दृश्य तिला सोसले नाही.

तिने हात पुढे करून फोन त्याच्याकडून घेतला.

“बाई, माफ करा,” ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “तारासच्या फोनवरून बोलतेय. त्यांनी मघाशी सांगितलं ना तुम्हाला, तेच खरं. ते इथेच राहणार आहेत.”

“तुम्ही कोण?” पलीकडून प्रश्न आला.

मारेनने तारासकडे पाहिले.

“ते,” ती हळूच म्हणाली, “आम्हीही आत्ताच ठरवतोय.”