बावीस वाव खाली

देवेश परब दोन वर्षांत एकदाही घराबाहेर झोपला नव्हता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचे वडील दत्ताराम नाहूरच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर पडून होते. उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. त्यांची कूस बदलायला दोन माणसं लागत. रात्री बाराला आणि पहाटे चारला गजर व्हायचा. देवेश खांदे धरायचा, त्याची बायको श्वेता कंबर धरायची, आणि बाबांना वळवून दोघं पुन्हा आडवी व्हायची. सकाळी देवेश कामावर. तो लिफ्टच्या कंपनीत होता. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या उंच इमारतींमधले लिफ्टचे पोलादी दोर तपासायचा. एखादी तार जरी तुटली असली तरी डोळ्यांआधी त्याच्या बोटांना कळायचं.

ऑफिसातल्या निहारला मासे पकडायचा नाद होता. "शनिवारी वर्सोव्याहून बोट केलीय," तो म्हणाला. "रात्रभर समुद्रात, तळाची मासेमारी. एक जागा रिकामी झाली, येतोस?"

देवेश नाही म्हणणार होता. श्वेताने त्याला म्हणू दिलं नाही.

"माझा भाऊ येईल झोपायला. एक रात्र जा रे. सोमवारनंतर तसंही..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

सोमवारी बदलापूरच्या एका शुश्रूषा केंद्राची गाडी बाबांना न्यायला येणार होती. अर्जावर सही देवेशचीच होती. बाबांना ते अजून सांगितलं नव्हतं. रोज सांगू म्हणायचं आणि रोज राहून जायचं. शनिवारी निघताना तो पलंगापाशी वाकून म्हणाला, "बाबा, समुद्रावर जातोय. उद्या दुपारी येतो." बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलं. की त्याला तसं वाटलं, कोण जाणे.

वर्सोव्याच्या धक्क्यावर डिसेंबरचं पिवळं ऊन होतं. बोंबील वाळत घातले होते, त्यांचा वास बोटीवर चढेपर्यंत पाठ सोडत नव्हता. बोटीचं नाव 'चंपा'. तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, धाकू. साठीतला, कमी बोलणारा कोळी. निहारचे आणखी चार मित्र होते, ते गाणी लावूनच चढले. साडेचारला बोट सुटली. वर्सोव्याच्या इमारती आधी बुटक्या झाल्या, मग राखाडी रेघ झाल्या. अंधार पडल्यावर मागे आभाळाला नुसता तांबूस उजेड उरला. फोनची रेंज केव्हाच गेली होती. देवेशने तीनदा फोन काढून पाहिला आणि मग बॅगेच्या तळाशी ठेवून दिला.

नऊच्या सुमारास धाकूने इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. "खाली खडक आहे," तो म्हणाला. "बावीस वाव पाणी." दोन्ही हात पसरले की एक वाव. बावीस माणसं एकाखाली एक उभी राहिली तर शेवटचा तळाला टेकेल.

सगळ्यांना हातदोऱ्या दिल्या. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या एकसंध धाग्याची जाड दोरी, टोकाला शिसं, वर दोन गळ, गळाला आमिष म्हणून माकुलाचे तुकडे. देवेशने सवयीने आपली दोरी पाण्यात सोडण्याआधी पहिल्या वावापासून शेवटच्या वावापर्यंत बोटांतून ओढून पाहिली. अखंड होती, कुठे सांधा नाही, ओरखडा नाही.

धाकूला ते आवडलं असावं. तो शेजारी येऊन बसला. "शिसं तळाला टेकलं की दोन हात वर घ्या. मग दोरी बोटावर ठेवा आणि गप बसा."

गप बसणं देवेशला जमलं. किती दिवसांनी त्याला कुणी नुसतं बसायला सांगितलं होतं! पाणी बोटीला हलकेच थोपटत होतं. पहिल्या दोन तासांत निहारला दोन तांबोश्या लागल्या, देवेशला एक शिंगाळा. मित्रांपैकी दोघांना बोट लागली, ते आडवे झाले.

साडेअकराला देवेशचा गळ खडकात अडकला. धाकूने दोरी हातात घेऊन पाहिली. "सुटायचा नाही. ओढा, तुटू दे."

देवेशने हाताला फडकं गुंडाळून ओढलं. दोरी ताणली, आणखी ताणली आणि तुटली. तुटलेल्या दोराचा हलकेपणा त्याला चांगला माहीत होता, त्यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. तो मोकळी दोरी गुंडाळू लागला. दहाएक हात आत आली आणि थांबली.

ती अडकली नव्हती. कुणीतरी धरावी तशी थांबली होती. त्याच्या बोटाखाली बारीकशी हालचाल झाली, श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग दोरी सैल झाली आणि आता तिला वजन होतं.

शिसं वर आलं. दोन्ही गळ वर आले. शिशाच्या हातभर वर एक गाठ होती, मुगाच्या दाण्याएवढी.

देवेशने टॉर्च जवळ नेला. ती गाठ त्याने लहानपणापासून पाहिली होती. त्याचे आईवडील दोघंही गिरणीत होते. बाबा साच्यावर कापड विणायला, आई विमला सूत गुंडाळायच्या खात्यात. तुटलेलं सूत सांधायची ही गाठ. गिरणी बंद पडली, बाबा भांडुपला एका कारखान्यात वॉचमन झाले, आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण घरात पिशवीचा बंद तुटो की पतंगाचा मांजा, बाबांची बोटं आपोआप पुढे यायची. ती लवकन हलायची आणि गाठ पडलेली असायची. कशी मारली ते दिसायचंसुद्धा नाही.

"ही तुम्ही बांधली?" धाकूने विचारलं.

"नाही. तुम्ही?"

धाकूने गाठ नखाने चाचपली. "ही आमची जाळ्याची गाठ. पण अशी साधी मारली तर तंगुसावर राहत नाही, निसटते." त्याने दोन्हीकडून पकडून जोरात खेचलं. गाठ निसटली नाही. "टोकं बघा. कापलेली नाहीत. चपटी झालीत."

"माशाने चावली असतील."

"असतील," धाकू म्हणाला. पण दोरी परत देताना त्याने आपले हात पाण्यात बुडवून धुतले.

निहार येऊन पाहून गेला. "अरे यार, आधीपासूनच असेल गाठ. दुकानवाल्याने जोडून दिली असेल."

देवेशने गाठ पुन्हा बोटांत धरली. दोरी अखंड होती. ती त्याने स्वतः तपासली होती.

दीड वाजता निहारही पांघरूण घेऊन झोपला. धाकू इंजिनापाशी बसून होता, जागा की झोपलेला ते कळत नव्हतं. चंद्र नव्हता. देवेशने चाकू घेतला आणि दोरी गाठीच्या वर, वावभर अंतरावर कापली. शिसं, गळ, गाठ असा तो तुकडा उचलून त्याने पाण्यात फेकला. लहानसा आवाज झाला, संपला. मग उरलेल्या दोरीला दुसरं शिसं बांधलं आणि ती खाली सोडली.

हे का केलं असं कुणी विचारलं असतं तर त्याच्याजवळ कामावरचंच उत्तर होतं. एकदा झालं ते पुन्हा होतं का, हे बघायचं असतं.

शिसं तळाला टेकलं. त्याने दोन हात वर घेतलं, दोरी बोटावर ठेवली.

बराच वेळ काही नाही.

मग कुणीतरी दोरी हातात घेतली.

माशाचा हिसका नव्हता तो. अंधारात दाराची कडी चाचपावी तसं कुणीतरी दोरी चाचपत होतं. सावकाश, टोकाच्या दिशेने. तिथे थांबलं. बारीक हालचाल झाली. एकदा. आणि एक शेवटचा छोटा झटका.

देवेशचे डोळे भरून आले. त्याला भीती वाटायला हवी होती, पण मनात आलं ते भलतंच. लहानपणी शाळेत निघताना शर्टाचं तुटलेलं बटण अंगावरच शिवून दिलं जायचं. तेव्हा हलायचं नसायचं. तो तसाच न हलता बसला होता.

"बाबा?" तो हळूच म्हणाला.

दोरी स्थिर राहिली.

"बाबा, किती काम करताय. झोपा आता. मी सकाळी येतोय." आणि मग, कुणालाच न सांगितलेलं तोंडातून गेलं, "सोमवारी तुम्हाला पाठवणार होतो हो मी."

खालची पकड सुटली नाही. उलट दोरीवर किंचित भार आला, कुणी त्याच्या बोटावर बोट ठेवावं एवढाच. कितीतरी वेळ तो भार तसाच होता. पूर्वेला पांढुरकं झालं तेव्हा तो गेला.

त्याने दोरी वर घेतली. दुसरं शिसं आलं आणि त्याच्याखाली, दोरीच्या उरलेल्या टोकाला, रात्री फेकलेला तुकडा जोडलेला होता. सांध्यात तीच गाठ.

मागे धाकू उभा होता. त्याने गाठ पाहिली. नांगर उचलताना एवढंच म्हणाला, "ही दोरी घेऊन जा घरी. मला नको."

नाहूरला पोचेपर्यंत दुपार झाली. घरात डाळीच्या फोडणीचा वास होता. श्वेता हसली. "एकदम झकास झोपले बाबा. बारालाही शांत, चारलाही शांत. तू आहेस तेव्हाच कण्हतात वाटतं!"

"हात हलवला का त्यांनी रात्री?"

"कुठला?"

"उजवा."

"देवेश, उजवा कसा हलवतील ते?"

तो बाबांच्या पलंगाशी बसला. उजवा हात उचलून पाहिला. कोरडा, गार, नेहमीसारखा जड. मग त्याने बॅगेतून दोरी काढली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. "बाबा, हे बघा. तुम्हीच ना?"

बाबांचा अंगठा दोरीवरून सरकत गेला आणि गाठीवर थांबला. त्यांचे डोळे मोठे झाले. अंगठा गाठीभोवती फिरला, चपट्या टोकांवर आला, तिथेच घुटमळला. त्यांनी मान हलवली. नाही.

"तुमची नाही?"

पुन्हा नाही. मग त्यांनी ती गाठ ओठांपाशी नेली आणि तर्जनीने आपल्या पुढच्या दातावर टकटक केलं. एकदा गाठ दाखवली, एकदा दात. देवेशला कळेना. बाबांचा चेहरा ताणला गेला, गळ्याच्या शिरा तट्ट झाल्या, आणि दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून शब्द आला.

"वि... मल."

श्वेताच्या हातातली वाटी खाली पडली.

देवेशला तेव्हा आठवलं. आई कधी कात्री घ्यायची नाही. तिच्या खात्यातल्या सगळ्याच बायका तशा. गाठ मारली की सूत दाताखाली घ्यायचं, कट्कन तोडायचं. त्याच्या शर्टाचं बटण शिवून झालं की ती त्याच्या छातीशी तोंड आणून दोरा तोडायची, आणि तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा.

काल रात्रभर आपण तिला बाबा म्हणत होतो.

संध्याकाळी त्याने बदलापूरला फोन करून सोमवारची गाडी नको म्हणून सांगितलं. श्वेता दारात उभी राहून ऐकत होती.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

"मग चारचा गजर तू बंद करायचास. मी नाही उठणार आधी," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

रात्री बाराला दोघांनी बाबांना वळवलं, पलंगाच्या मधोमध नीट ठेवलं, पाठीशी उशी लावली. दोरी बाबांनी सोडली नव्हती, ती तशीच मुठीत राहू दिली. पहाटे चारला गजर झाला. देवेशने तो बंद केला आणि बाहेरच्या खोलीतला दिवा लावला.

बाबा मधोमध नव्हते. ते पार भिंतीला टेकून उताणे झोपले होते, निकामी उजवा खांदा भिंतीला घट्ट लागलेला. पाठीमागची उशी आता त्यांच्या डोक्याशेजारी होती. पलंगाचा बाहेरचा अर्धा भाग मोकळा होता आणि तिथली चादर हाताने सारखी केल्यासारखी सपाट होती.

"तू सरकवलंस त्यांना?" श्वेताने विचारलं.

"नाही. तू?"

बाबा जागे होते. इतके निवांत ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. श्वेता त्यांना वळवायला पुढे झाली आणि नेहमीच्या सवयीने पलंगाच्या त्या मोकळ्या कडेला बसायला गेली.

बाबांनी डावा हात चटकन आडवा धरला आणि तिला तिथे बसू दिलं नाही.