मातीआधीचं वाक्य

"ते वाक्य म्हणणार आहात की नाही, एवढंच सांगा मला," असं म्हणून पाळकबाईंनी काळ्या झग्यावरची इस्त्री अशी आपटली, की टेबलाशी प्रार्थना लिहीत बसलेल्या पाळकांचा हात थांबला.

"अगं, ते माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या हातात आहे? घड्याळजींच्या?"

घड्याळजी म्हणजे चर्चच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ पंच. घड्याळांच्या दुकानात भिंग लावून चाकं तपासायची आणि रविवारी तेच भिंग लावून माणसांचे आत्मे तपासायचे, हा त्यांचा धंदा, असं पाळकबाईंचं जुनं मत होतं. मंडळीची शिकवणच तशी... सृष्टी घडण्याआधीच देवानं ठरवून टाकलंय, कोणाला तारायचं नि कोणाला नाही. माणसानं त्यात नाक खुपसायचं नाही. म्हणून दफनाच्या वेळी, माती लोटण्याआधी, 'हा जीव देवानं निवडलेला होता, तो त्याच्यापाशी आहे' हे वाक्य फक्त ज्यांच्यात निवडीच्या खुणा दिसल्या त्यांच्यासाठीच म्हणायचं. बाकीच्यांच्या वेळी पाळकानं तिथं क्षणभर थांबायचं आणि पुढची ओळ वाचायची.

आज पुरायची होती ती त्यांची नात. सहा दिवसांची! सहा दिवसांच्या जिवात कसल्या कपाळाच्या खुणा दिसणार?

आणि ते थांबणं पाळकबाईंनी सोसलेलं होतं... एकतीस वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची दोन महिन्यांची मुलगी तापानं गेली, तेव्हा याच माणसानं तिच्या खड्ड्याशी उभं राहून तोंड मिटून घेतलं होतं. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आपली पोर देवाजवळ आहे ना हो?" आणि हे म्हणाले, "देवालाच माहीत." त्या दिवसापासून पाळकबाईंनी त्यांचे झगे धुतले, आल्यागेल्याचं केलं, मुलाला वाढवलं, सगळं सगळं केलं, पण प्रार्थनेला त्यांच्या शेजारी पुन्हा गुडघे टेकले नाहीत. त्या देवाशीही त्यांनी अबोलाच धरला. जन्माआधीच लेकरांची निवडानिवड करून बसणाऱ्याशी बोलायचं तरी काय?

"मी खोटं बोलू का?" पाळकांनी विचारलं. "मला माहीत नाही, हेच खरं आहे."

"नरकाचं बरं माहीत असतं दर रविवारी. तिथं कधी अडलं नाही तुमचं."

पाळकांनी लिहिलेला कागद घडी करून पुस्तकात ठेवला.

"माझं मी गिळलं," पाळकबाई म्हणाल्या. "तुमचा मान, तुमची नोकरी, मुलाची शाळा, यासाठी तोंडाला कुलूप लावलं. पण आत सून बसलीय, तिचं दूध अजून आटलेलं नाही. तिच्यासमोर आज थांबलात, तर तिला घेऊन मी जाईन. या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

दुपारी मुलानं ती एवढीशी पेटी स्वतःच उचलून नेली. सुनेला उभंही राहवत नव्हतं, ती पाळकबाईंच्या खांद्यावर टेकली होती. पाळक वाचत वाचत त्या जागी आले... आणि थांबले. घड्याळजींनी समाधानानं मान खाली घातली.

"आई," सुनेनं हळूच विचारलं, "बाबा का थांबले?"

पाळकबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी सुनेचा दंड धरला आणि पाठ फिरवली. तेवढ्यात मागून पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"देवानं काय ठरवलंय ते मला माहीत नाही," पाळक म्हणत होते. "पण आजवर मी देवाच्या धाकानं गप्प राहिलो असं सांगत आलो, ते खोटं होतं. मंडळींनो, मी तुमच्या धाकानं गप्प राहिलो." त्यांचा आवाज फाटला. "हे लेकरू देवानं निवडलेलं होतं. ते त्याच्यापाशी आहे... आपल्या आत्याजवळ आहे."

घड्याळजींनी टोपी चढवली आणि ते चालू लागले. त्यांच्यामागून आणखी सहाजण गेले. पाळकांची नोकरी त्या पावलांबरोबरच गेली, हे तिथं उरलेल्या सगळ्यांना कळलं.

माती लोटून झाल्यावर सुनेनं विचारलं, "आई, कोण आत्या?"

या घरात कोणी कधी तिला सांगितलंच नव्हतं! पाळकबाईंना हुंदका आवरेना. पाळक जवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला माफ करशील?"

"एकतीस वर्षं लावलीत. मलाही वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "आधी हिला सांगा, कशी होती ती."

यांना काय आठवणार, असंच पाळकबाईंना वाटलं होतं. सदा पुस्तकात डोकं घातलेला माणूस...

"तिला शिंक आली," पाळक सुनेला सांगू लागले, "की लगेच दुसरी यायची. नेहमी दोन."

पाळकबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"आणि दुसरीला दचकून रडायची," त्या म्हणाल्या.