डब्यावरचा ठेका

"ओ मास्तर, चपला!"

रामनाथने दचकून खाली पाहिलं. एक पाय वरोर गावच्या वाळूवर, दुसरा चपलेसकट होडीत, हातात पांढऱ्या रंगाचा डबा. समोर कंबरेवर हात ठेवून एक मुलगी उभी होती. खरं सांगायचं तर मास्तरांना तिचं बोलणं नंतर कळलं, डोळे आधी दिसले.

"होडी म्हंजे आमची देवी हाय. देवळात चपला घालून जाता का?"

"नाही हो... आम्ही कैनाडची शेतीवाली माणसं. ठाऊक नव्हतं मला."

"मग उद्या नारळ आणा. देवीची माफी मागा!"

ही हंसा. होडी तिच्या बापाची, मोतीरामची.

साल १९६५, सप्टेंबर महिना. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि इकडे डहाणूच्या किनाऱ्यावर चार दिवसांत सगळं पालटलं. खिडक्यांना काळे कागद लागले. होड्यांवर नंबर आले. दिवस मावळायच्या आत परतायचं, आणि किनाऱ्यावर दिवा लावायचा नाही म्हणजे नाही! नंबर रंगवायला आणि रोज गावाला हुकूम वाचून दाखवायला शाळामास्तर रामनाथला धाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नारळ आणला. तिसऱ्या दिवशीही आणला.

"आज कशाला? आज तर अनवाणी आलात," हंसा म्हणाली.

"आज दुसरी चूक झाली. हुकूम वाचताना... तुमच्याकडेच बघत होतो."

"मग असे लय नारळ लागतील," म्हणत ती हसली आणि पदर सावरत पळाली. मास्तर त्या दिवशी एकाच होडीवर दोन नंबर रंगवून बसले!

सातवा नारळ फुटला त्या संध्याकाळी वारा पडला, शिडं लुळी पडली. सगळ्या होड्या आल्या, मोतीरामची नाही. अंधार दाटला. किनाऱ्याजवळ खडकांची रांग, मधून होडीपुरती वाट. एरवी त्या वाटेसमोर कंदील ठेवायचे, तो बघून होडी आत यायची. हंसा कंदील घेऊन धावत आली.

"हंसा, नको! लावू नकोस!"

पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

"बा खडकावर आपटंल, मास्तर! तुमच्या हुकुमात त्याला घरी आणायची काय सोय हाय, सांगा!"

 हुकूम रामनाथला तोंडपाठ होता. कंदील, चूल, विडी, टॉर्च... सगळा उजेडच. आणि आवाज? आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं!

त्याने रंगाचा रिकामा डबा तिच्या हातात कोंबला. "वाजव! वाटेसमोर उभी राहा आणि वाजव! आवाजाला बंदी नाही!"

हंसाने काठी उचलली. घाबरलेल्या हातांना एकच ठेका आठवला, लग्नात हळदीला वाजवतात तो. रामनाथने दुसरा डबा घेतला. शेजारच्या बायका हंडे घेऊन धावल्या. काळ्याकुट्ट किनाऱ्यावर हळद दणाणली.

"हो... होऽऽ!"

समुद्रातून हाक आली! मग वाळूला होडी घासल्याचा आवाज. हंसाने डबा टाकला आणि बापाच्या गळ्यात पडली. रामनाथ गुडघाभर पाण्यात शिरून होडी ओढू लागला. त्याला हसू येत होतं आणि रडूही.

"अंधारात हळदीचा ठेका?" मोतीराम धापा टाकत म्हणाला. "कुणाचं लगीन लावता गं?"

डबे, हंडे थांबले होते. रामनाथच्या छातीत मात्र ठेका चालूच होता.

"मास्तरांना विचार, बा," हंसा हळूच म्हणाली. "त्यांनी देवीला सात नारळ दिले... चप्पल एकदाच घातली व्हती."

"सांगा मास्तर," मोतीराम म्हणाला.

"मला... हंसा आवडते," रामनाथ म्हणाला. 

 मोतीरामने चाचपून होडीवर हात ठेवला.

"आठवा नारळ इथं फोडू नका," तो म्हणाला. "तो घेऊन उद्या घरी या."