शेजारची कोरी सीट

गॅरेजमध्ये त्याचं वाक्य संपलं आणि काकूंचा चेहरा उतरला. उन्हाने ताणल्या जाणाऱ्या पत्र्याचा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

आपलं काय चुकलं, हे मूल्यमापकाला उमगेना. जुन्या गाड्या पारखण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याच्या धंद्यात याहून गोड बातमी नव्हती. तो एवढंच म्हणाला होता, "अभिनंदन, काकू! सेडानची ड्रायव्हरशेजारची डावी सीट कोरी आहे. तिच्यावर कधी कुणी बसलेलंच नाही."

"तीस वर्षं मी बसलेय तिच्यावर," काकू म्हणाल्या.

यजमान जाऊन दोन महिने झाले होते. काकू आता लहानशा फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या. तिथे एकाच गाडीपुरती जागा होती. ज्या गाडीत दोघांनी आयुष्य काढलं ती ठेवायची, दुसरी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एखाद्या संग्राहकाला द्यायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्याने रीतीप्रमाणे सेडान आणि एसयूव्ही, दोन्ही गाड्या तोलल्या होत्या. सेडानचं मोल तिच्या अभंगपणात होतं: अक्रोडाच्या लाकडाची मंद चकाकी, मूळ रंग, डॅशबोर्डवरचं अजून चालणारं घड्याळ. एसयूव्हीचं मोल तिच्या व्रणांत: दगडांनी खरवडलेलं पोट, सांध्यांत वाळलेली माती.

"त्या धटिंगणात मी पाऊलही ठेवलं नाही," काकू म्हणाल्या. "हे एकटेच जायचे डोंगरांत. मी म्हणायचे, हिच्याशीच लग्न लावायचं होतंत!"

तो हसला नाही. एसयूव्हीची डावी सीट मधोमध खोल दबली होती, कड झिजली होती, बुटक्या माणसासाठी पुढे ओढलेली होती.

"बसून बघता, काकू?"

दार त्याला उघडेना. काकूंनी कडी किंचित वर उचलली, गुडघ्याने हलका धक्का दिला, आणि ते उघडलं.

त्या बसल्या. खळगा त्यांच्याच मापाचा होता. पाय अचूक टेकले.

त्या घाईघाईने उतरल्या, सेडानकडे गेल्या आणि डाव्या सीटवर बसून त्यांनी डोळे मिटले.

"इथून मी बोलत असायचे. पोरांबद्दल, दुखण्यांबद्दल, काय वाट्टेल ते. ह्यांनी एकदाही मान वळवून बघितलं नाही. मला वाटायचं, रस्त्यावर लक्ष असेल."

तो वाकला. काकू बसल्या होत्या, तरी सीटचं कातडं दबलं नव्हतं.

एक सुरकुतीही नव्हती.

"लिहा साहेब, सीट वापरलेली आहे म्हणून. आत्ता बसलेय की मी. मी दिसतेय ना तुम्हाला?"

त्याने पेनाला टोपण लावलं.

"अहो, दिसतेय ना?"

त्याने बॅग उचलली आणि मागे न बघता तो उन्हात चालू लागला.