दुसरी गोळी

फोन आला तेव्हा ताई मशीनवर होती. बँडवाल्यांचे मरून कोट शिवायचे होते. कापड रविवारी आलं, सोमवारी पहाटे पोलिसातला भाऊ दरोडेखोराच्या गोळीने गेला, आणि काम अठरा दिवस तसंच रखडलं. कापड असं, की हात लावला तरी धागे सुटायचे. केसांत मरून, चहात मरून.

"ताई, मिस्त्रीने कबूल केलं," चौकशीचे साहेब म्हणाले. "तुमच्या भावाच्या पिस्तुलातली चूक त्याचीच. तुमची जबानी घेतली की उद्या त्याला कोर्टात उभा करतो."

तिने फोन ठेवला. समाधान वाटायला हवं होतं ना? पण तिचा विश्वास बसेना. मिस्त्री म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागाराचा कारागीर. खिळा दोन वेळा मोजणारा माणूस. तीन दिवस तोंडातून ब्र काढला नाही, आणि चौथ्या दिवशी आपण होऊन सगळं ओकला?

"अप्पा, येताय?" तिने वडिलांना विचारलं. मिस्त्रीच्या आधी तीस वर्षं ते शस्त्रागार अप्पांनीच सांभाळलं होतं.

"चल," अप्पा म्हणाले. पोरगा गेल्यापासून ते कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसत.

शस्त्रागारापाशी पोचल्यावर मात्र त्यांचा पाय आत वळेना. ते अंगणातल्या बाकावर बसले. ताई एकटीच आत गेली.

टेबलावर भावाचं पिस्तूल होतं, शेजारी त्याचं चपटं मॅगझिन. आत गोळ्या एकीवर एक, एकाच रांगेत. साहेबांनी खूण केल्यावर मिस्त्री सांगू लागला. डोळे खाली, आवाज खोल गेलेला.

"खालून ही स्प्रिंग गोळ्यांना वर ढकलते. ती सुलट असली तर गोळीचं नाक वर राहतं आणि गोळी नळीत सरळ शिरते. उलट बसली तर नाक खाली झुकतं, गोळी नळीच्या तोंडाशी अडते. पहिली गोळी तुमच्या भावाने आधीच हाताने सावकाश चढवली होती, म्हणून ती सुटली. दुसरी झटक्यात यायची होती. ती अडकली."

समोरच्या दरोडेखोराची गोळी अडकली नव्हती. एवढं त्याला सांगावं लागलं नाही.

"स्प्रिंग उलटी कोणी बसवली?" ताईने विचारलं.

"मी."

"कधी?"

"शनिवारी."

साहेबांनी वही पुढे सरकवली. "शनिवारी दुपारी यानेच आठ गोळ्या झाडून बघितल्या. आठही सुटल्या. संध्याकाळी पिस्तूल तुमच्या भावाने नेलं."

"मग चाचणीनंतर पुन्हा उघडलंत?"

"हो. पुसायला."

"इतक्या वर्षांत कधी उलटी बसली नाही. त्या दिवशीच कशी?"

मिस्त्रीने ओठांवरून जीभ फिरवली. "जुन्या पिस्तुलांत तिचं टोक मागच्या अंगाला असायचं, नव्यात पुढच्या. हाताला जुनी सवय, ताई. घाईत हात तिकडेच वळला."

"पुसता कशाने?"

"इथल्या चिंध्यांनी. पांढऱ्या असतात."

ताईने मॅगझिन उचललं. बाजूच्या फटीतून दिसणाऱ्या स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटभर धागा गुंतला होता. उजेडाकडे धरायचीही गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? धागा मरून होता.

ती खुर्चीत बसली.

"साहेब, जरा बाहेर जाल?"

साहेब भले माणूस. दारापर्यंत गेले आणि तिथेच पाठ फिरवून उभे राहिले.

"मिस्त्री, तुम्ही शस्त्रागारात आलात तेव्हा जुनी पिस्तुलं होती?"

मिस्त्रीने दाराकडे, साहेबांच्या पाठीकडे पाहिलं.

"नव्हती. अप्पाच घरी सांगायचे, नवा पोरगा हुशार आहे, पण जुनी पिस्तुलं भट्टीत गेल्यावर आला, सहा महिने लांब बंदुकांवरच शिकवला. मग नवी पिस्तुलं आली ती अप्पा निवृत्त झाल्यावर. जुनं पिस्तूल तुम्ही कधी उघडलंच नाहीत, तर हाताला सवय कुठली लागणार?"

"ताई, पाया पडतो, इथेच थांबा."

"हे कापड माझ्या दुकानात रविवारी आलं. भाऊ रविवारी जेवायला आला, जेवून घोरत पडला. त्याला तर डब्याचं झाकण धड उघडता येत नव्हतं, तो कसला मॅगझिन खोलतोय! आणि अप्पा माझ्याकडे आले. म्हणाले, एखादा तुकडा दे गं, पोराचं पिस्तूल पुसून ठेवतो." तिने मॅगझिन टेबलावर ठेवलं. "मीच दिला."

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "खोलल्या खोलल्या मला कळलं. असा हात त्यांचाच. माझं काय, दोन-तीन वर्षं आत काढीन. त्यांना कळलं तर ते आठवडा काढणार नाहीत. ज्यांनी हातात पाना दिला, त्यांना मी खुनी कसं म्हणू?"

"आणि तुमची लेक? तिला शाळेत काय म्हणतील?"

मिस्त्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ताई उठली. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला तोडायचं, आणि तो दुसरा तिचा बाप. अख्ख्या घरात आता तेवढाच उरला होता. देवा, असा हिशेब कोणाच्या वाट्याला येऊ नये!

अंगणात ती अप्पांच्या पायांशी बसली. साहेब मागे येऊन थांबले.

"अप्पा, रविवारी पिस्तूल पुसलंत, तेव्हा मॅगझिन खोललं होतं?"

"मग? नुसतं वरवर पुसतात होय? स्प्रिंग काढली, पुसली, पुन्हा बसवली. डोळे मिटून बसवतो मी." अठरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं.

"टोक कुठल्या अंगाला?"

"मागच्या. हे काय विचारणं झालं?"

ताईने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग दारात हुंदके देत उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे. तीस वर्षं शस्त्रागार सांभाळलेला माणूस तो. त्याला उलगडून काय सांगायचं? त्यांचा अंगठा मांडीवर हळूच वळला. एकदा मागे, एकदा पुढे.

"नव्यात पुढे असतं?" त्यांनी विचारलं.

"हो, अप्पा," मिस्त्री म्हणाला.

मग अप्पा बाकाला धरून उठले.

"साहेब, त्या पोराला घरी सोडा. जबानी माझी घ्या." दोन पावलं टाकून ते थांबले. "निघताना तुझ्या भावाला सांगितलं होतं मी. म्हटलं, बिनघोर जा रे, मी स्वतः पुसलंय, अडायचं नाही. म्हणून तो आडोशाला गेला नसेल गं. दुसरी गोळी येईल म्हणून उभा राहिला असेल."

ताईने अप्पांना घट्ट धरलं आणि ती भर अंगणात मोठमोठ्याने रडू लागली.