दुखवट्याचं कापड

तेरला आमचं घर वेशीपासून तिसरं. पुढं ओटा, ओट्यावर लिंबाची सावली. मागच्या दिवाळीआधी सोयाबीनची काढणी चालू होती, घरचे सगळे रानात. मी एकटी मागं राहिले, कारण माझी उमा तीन दिवस तापानं फणफणत होती. आठ महिन्यांची. धाराशिवच्या डॉक्टरनं दिलेलं औषध बाराला पाजायचं होतं, म्हणून मी घड्याळाकडं बघत बसले होते. एवढंच काम.

पाजलं. तिनं ओकून टाकलं. मी फडक्यानं पुसत होते, तेवढ्यात गल्लीत आवाज आला. लोखंडी साखळी मातीतून ओढल्यावर येतो तसा. खळ्ळ... मग गप. मग परत खळ्ळ... लिंबावरचे कावळे उडाले नाहीत, नुसते मुके झाले.

मला कळलं कोण आलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षीच ज्वारी निवडताना सासूबाईंनी, म्हणजे इरम्मांनी, सांगून ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याचा खापरपणजा कल्याणप्पा. त्याचा एक गोरा साहेब दोस्त होता. गावाबाहेरची पांढरी टेकाडं साखळीनं मोजत हिंडायचा, जुनी खापरं नि मणी गोळा करायचा. कल्याणप्पाची धाकटी लेक वारली तेव्हा साहेब लांबच्या मुलखात होता. आल्यावर आपल्याकडच्या रीतीनं दुखवट्याचं कापड घेऊन भेटायला आला, ओट्यावर बसला, दोस्ताच्या हातात कापड दिलं. आणि त्याच आठवड्यात तेरणेच्या काठी तंबूत तापानं मेला. तेव्हापासून येतो. फक्त आता आधी येतो.

"आधी म्हंजी?" मी विचारलं होतं.

"म्हंजी मरण व्हायच्या आधी. माझ्या चन्नम्माला साधा खोकला हुता. तीन वर्साची. त्यो आला, कापड म्होरं केलं. दुखवटा कुणी माघारी धाडतंय का? आईनं शिकवल्यावानी म्या पदर घिऊन दोन्ही हातांनी घेतला. दिवेलागणीला पोरगी गेली." सासूबाईंनी ज्वारीतला खडा लांब फेकला. "लई शानी सून हुते मी."

साखळी ओट्यापाशी थांबली. मी उमाला काखेला घेऊन दारात आले.

तो बसला होता. गुडघ्यावर टोपी. कोट, बूट, मिश्या, सगळ्यावर पांढऱ्या मातीचा थर. जुनं धान्याचं पेव उघडल्यावर येतो तसला कोंदट वास. ऊन असं की ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, पण तो बसला होता तिथली फरशी ओली होती. मांडीवर घडी घातलेलं कापड.

"कल्याणप्पा आहेत?" हळू, शिकून घेतलेल्या मराठीत.

"न्हाईत. मी त्यांच्याच घरातली सून."

"वाईट झालं..." त्याचे डोळे उमावर होते. "फार लहान होती."

काखेत तिचं अंग तव्यासारखं, श्वास भराभर चाललेला, आणि हा म्हणतो होती. भीतीच्याही वर राग चढला.

"हाये," मी म्हणाले. "होती न्हाय. नीट बघा."

त्यानं दोन्ही हातांनी कापड पुढं केलं. चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. तेच अवघड. चोर असता तर हाकलला असता. हा भेटायला आलेला माणूस.

माझा हात उठला. खरं सांगते, आपोआप उठला. रीत हाडात असते. बोटं कापडापासून वीतभर राहिली आणि उमा चिरक्या आवाजात रडली. मला वाटलं, ह्यालाबी आई असंल.

मी हात मागं घेतला. "सायेब, तुमी गेलाव तवा तुमच्या आईला कुणी भेटाय गेलं का?"

कापड तसंच अधांतरी राहिलं.

"दुखवटा नेला का कुणी तिला?"

"समुद्र..." तो म्हणाला. "फार लांब..."

"म्हंजी न्हाय नेला. मग आदी तिचा. आमच्यात मागलं दुःख तसंच ठिवून म्होरलं घेत न्हाईत."

अशी काही रीत नाही. मी उभ्या उभ्या केली. सातवी शिकले, पण एवढं मला येतं.

त्याच्याकडं पाठ करायची छाती झाली नाही. उलट्या पावली आत गेले, ट्रंकेतला कोरा खण काढला आणि त्याच्या कापडाला बोट न लावता वर ठेवला.

"ह्यो तुमच्या आईला. म्हणावं, तुजं लेकरू आमच्या मातीत गेलं, तेरच्या बायकांनी भेटाय धाडलंय. खालचंबी तिलाच द्या. आन हितं परत कुणाचं दुःख आदी आणू नका. झाल्यावर रडाय आमी समर्थ हाव."

त्यानं खण कापडासकट उचलून छातीशी धरला. मग टोपी घातली आणि उठला. निघताना 'येतो' म्हणाला नाही. मरणाच्या घरून निघताना म्हणत नाहीत, तसा.

चारला उमाला घाम फुटला, ताप उतरला. सासूबाईंनी सगळं ऐकलं, उमाच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "मला का सुचलं न्हाय गं," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी ओट्यावर एक अंगडं सापडलं. हातशिलाईचं, बारीक जाळीची कड, खारट वास. साहेबाच्या आईचा परतीचा आहेर. तो नाकारायचा कसा? मी खुंटीला लावला. दर महिन्याला उमाच्या अंगाला लावून बघायची. उमा वाढली तसं तेही वाढायचं, दर वेळी बोटभर मोठंच. नवरा म्हणाला, धुतल्यावर कापड सैल होतं. मी ते कधीच धुतलं नाही.

ह्या महिन्यात उमा बोटभर वाढली. अंगडं तेवढंच आहे. पुढच्या महिन्याचं माप त्यात नाही.

सोमवारपासून मी रानात जात नाही. दुपारी दार सताड उघडून उंबऱ्यात बसते, उमाला मांडीवर घेऊन. आज बाराला ती ओट्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडं हात करून हसली आणि "आज्जी" म्हणाली. सासूबाई तर रानात आहेत. कोपऱ्यातून अंगड्याचा तोच खारट वास आला.

मी म्हणाले, "बसा. पाणी देते. पण लेकरू माझ्याच मांडीवर ऱ्हाईल."